टेपचं बारसं

“टेपला माणसाचं नाव देऊ नको. नंबर दे. नंबर हरवला तर कुणी रडत नाय,” असं सरिता म्हणाली होती, आणि मी हसले होते.

बाळंतपणाची रजा संपवून कामावर आले तो माझा पहिला दिवस होता. आमच्या हॉस्पिटलचा कॉम्प्युटर विभाग तळघरात, औषधांच्या स्टोअरला लागून. वर लोकांची रेटारेटी, फिनाइलचा वास, घामाचा वास. खाली मात्र बारा महिने थंडी. कारण तिथं सर्व्हर, आणि कोपऱ्यात ते काळं कपाट. दिसायला फ्रिजसारखं. आत टेपांचे, म्हणजे कॅसेटसारख्या डब्यांतल्या फितींचे, कप्पे आणि रुळावरून फिरणारा छोटा यांत्रिक हात. सॉफ्टवेअरनं सांगितलं की तो हात सरकन जातो, हवी ती टेप उचलतो, टक आवाज करून यंत्राच्या तोंडात देतो, आणि दिवसभरातल्या सगळ्या पेशंटांची माहिती त्या टेपवर उतरते. सर्व्हर जळाला, बुडाला, तरी टेप राहते. तिच्यावरून सगळं परत आणता येतं.

कोणत्या टेपांवर लिहायची मुभा आहे हे सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं. त्या मुभा दिलेल्या टेपांच्या गटाला पूल म्हणतात. पूलमधल्या टेपा भरत आल्या की नव्या टेपा त्यात घालायच्या, एकेकीची ओळख करून द्यायची. एरवी टेपवर छापील पट्टी असते, यंत्र ती वाचतं आणि विषय संपतो. त्या खेपेला पट्ट्या पुण्याहून आल्याच नाहीत. स्क्रीनवर नुसती रिकामी चौकट यायची: टेपचं नाव लिहा.

सरितानं तिच्या वाटणीच्या टेपांना भराभर नंबर दिले. शेवटची टेप माझ्याकडं आली. दुपार झाली होती. छाती दुधानं दगडासारखी झाली होती, ब्लाउज ओला झाला होता, आणि घरी सावनी बाटलीला तोंड लावत नाही असा सासूबाईंचा फोन नुकताच येऊन गेला होता. मी चौकटीत इंग्रजी अक्षरांत सावनी लिहिलं. एवढ्यावर थांबले नाही. यंत्राच्या तोंडाशी वाकले, आत्यानं बारशाला केलं होतं तसं “कुर्रर्र” केलं आणि नाव सांगितलं. टेप आत गेली. हिरवा दिवा लागला.

सरिता हसली नाही. तिनं ते वाक्य म्हटलं आणि एसीच्या नळीखालची बादली बदलायला गेली. त्या टंचाईच्या वर्षी एसीचं ठिबकणारं पाणीसुद्धा आम्ही पाळीपाळीनं घरी न्यायचो, कपडे धुवायला. सरिता मूळची कन्नड तालुक्यातली, माझ्याहून चार वर्षं जुनी, आणि काम असं चोख की तिच्या हातची चूक मी कधी पाहिली नाही. मला वाटलं, ती शिस्तीबद्दलच बोलतेय.

पूलमध्ये घातलेली टेप लगेच वापरात येत नाही. आधीच्या भरेपर्यंत ती आपल्या कप्प्यात पडून असते. सावनी नावाची टेपही पडून राहिली. पाऊस नावाला आला आणि गेला. हिवाळा गेला. मी ती टेप विसरले.

आम्ही तेव्हा शहराच्या कडेला, बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात राहायचो. नवी बिल्डिंग, नवी लिफ्ट, आणि नळ कोरडे. जिकडं तिकडं उभे राहणारे सांगाडे, सिमेंटची धूळ, आणि टँकरचा हॉर्न. माझा नवरा केयूर बिडकीनला, नव्या औद्योगिक वसाहतीच्या जमिनीच्या मोजणीवर. संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. सावनीला दिवसभर सासूबाई सांभाळायच्या. ती लवकर बोलायला लागली होती. आई, मंमं, भूर, चिऊ. ‘र’ काही येत नव्हता, म्हणून भूरचं भूल. केयूरला “पपू” म्हणायची, आणि तो जोडे काढायच्या आत त्याच्या पायाला मिठी मारायची.

एप्रिलात एका दुपारी सासूबाईंचा फोन आला.

“हिमानी, पोरगी झोपेत बोलतीय गं.”

“मग? लहान मुलं बोलतात, आई.”

“बडबडत नाय ती. नावं घेतीय.”

“कुणाची?”

“आपल्यातली नायत.”

मी म्हटलं, टीव्ही बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी रजा टाकून घरी थांबले.

दुपारी सावनीला गोधडीवर निजवलं. पडद्याला पाणी मारलं होतं, ते केव्हाच वाळलं होतं. ती शांत झोपली होती, मूठ गालाखाली. मग तिचे ओठ हलले.

“लक्ष्मीबाई रामकिसन. जनरल वॉर्ड. खिडकीची खाट. ओ पॉझिटिव्ह.”

आवाज तिचाच, पातळ. पण ‘र’ स्वच्छ होता. एकेक शब्द नीट सुटा, मधे सारखंच अंतर. एक संपलं की दुसरं नाव. बन्सी कारभारी, हाडाचा विभाग, उजवा पाय. पारूबाई, ताप, सलाईन चालू. सासूबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. मी सावनीला उचलून घेतलं. तिची मान माझ्या खांद्यावर पडली, ती जागी झाली नाही. माझ्या कानाशी ती बोलत राहिली.

मी विज्ञान शिकलेली बाई. मी आधी सोपी कारणं शोधली. मी घरी फोनवर पेशंटांची नावं घेतली असतील, तिनं ऐकली असतील. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या जनरल वॉर्डात गेले. खिडकीच्या खाटेवर एक म्हातारी होती. बिडकीनकडची. आदल्या दिवशी सकाळी दाखल झालेली. मी तिचं नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि आदल्या दिवशी तर मी घरीच होते.

“लक्ष्मीबाई?” मी विचारलं.

“व्हय. तुमी कोन?”

मी तशीच मागं वळले.

खाली आले. आमचा बॅकअप दुपारीच चालायचा, ओपीडीच्या सुट्टीत, सर्व्हरवर ताण नसतो म्हणून. मी स्क्रीन उघडली. सध्या ज्या टेपवर लिहिणं चालू होतं, तिचं नाव वाचलं: सावनी.

त्यानंतर मी पाहायला लागले. मला तेवढंच करता येत होतं.

गॅलरीत चिमण्यांसाठी मातीचं भांडं ठेवलं होतं. चिमणी आली, प्यायली, उडाली. सावनीनं पाहिलं. चिऊ म्हणाली नाही. मी म्हटलं, “बघ, कोण आलंय?” तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, अनोळखी भाषा ऐकल्यासारखं. पुढच्या काही दिवसांत भूल गेलं, मग मंमं. ती केयूरच्या पायाला मिठी मारेनाशी झाली. तो जोडे काढून तिथंच बसून राहायचा, वाट बघत.

“मुलं मधेच विसरतात गं,” तो म्हणाला. “परत येईल.”

“आणि ती नावं?”

“तू कामाचं घरी आणतेस.” मग माझा चेहरा पाहून हलक्या आवाजात म्हणाला, “डॉक्टरांना दाखवू.”

दाखवलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, गुडघ्यावर टिचकी मारली, थोडं थांबू म्हणाले. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. मी दोन्हीला अडवलं नाही.

दुपारची झोप आता नेहमीची झाली होती. कितीही खेळवा, ओपीडी बंद व्हायच्या वेळेला तिचे डोळे मिटायचे. आणि रोज ती जास्त वेळ बोलायची.

मी व्यंकटराव सरांकडं गेले. विभागाचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, स्वभावानं चांगले.

“सर, ती एक टेप पूलमधून काढायची आहे.”

“का बरं? खराब झाली?”

“नाही.”

त्यांनी स्क्रीनवर नाव पाहिलं आणि हसले. “पोरीचं नाव दिलं म्हणून जीव गुंतला व्हय? मग पुढच्या टेपला माझं द्या. माझ्या डोक्यात काही राहतं असं आमच्या मंडळींना एकदा कळू दे तरी.”

“सर, प्लीज.”

“अहो हिमानीबाई, अर्ध्या हॉस्पिटलचं रेकॉर्ड आहे तिच्यावर. अशी काढून कुठं ठेवता? आणि भरतच आलीय की ती. भरली की आपोआप बाजूला होईल. मुदत संपली की यंत्रच पुसून परत कोरी करून घेईल. आपल्याला हातसुद्धा लावावा लागत नाही.”

“पुसून?”

“मग? जुनं ठेवून नवीन कुठं लिहिणार?”

मी जिना उतरून आले. भरतच आलीय. त्या दिवशी घरी गेले तर सासूबाईंनी सावनीला कडेवर घेतलं होतं. मी दारातून हाक मारली, “सावनी!” तिनं मान वळवली नाही. जवळ गेले, समोर आले. तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं, मग भिंतीकडं. सकाळपर्यंत ती मला आई म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी सरिताला सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, “घरी आत्ता कोण हाय?”

“सासूबाई.”

“फोन चालू ठेवायला सांग.”

ओपीडी बंद झाली. वरचा गलका थांबला. यांत्रिक हात सरकला, टेप उचलली, टक. फोनच्या स्पीकरवर सासूबाईंचा आवाज आला: “झोपली बघ.” आणि मागं सावनीचा: नाव, वॉर्ड, खाट.

मी लिहिणं थांबवलं. टेप बाहेर मागवली आणि हातात घेतली. ती गरम होती. ताप आलेल्या कपाळाएवढी गरम.

फोनवरचा सावनीचा आवाज थांबला.

“आई? काय झालं?”

“डोळे उघडलेत तिनं.”

“मग?”

“नुसते उघडे हायत गं. पापणी हलंना. हिमानी, श्वास—”

मी टेप परत आत ढकलली. इतक्या जोरात की नख मोडलं. टक. थोड्या वेळानं पलीकडून परत नावं सुरू झाली, आणि सासूबाई मोठ्यानं रडायला लागल्या.

“काढून जमणार नाय,” सरिता म्हणाली. “पुसून तर नायच नाय. दुसरीवर उतरव.”

तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. एका टेपवरचं सगळं दुसरीवर न्यायचं, पहिली मोकळी करायची. सरितानं स्टोअरमधून कोरी टेप आणली. मी तिला नंबर दिला. टेप आत गेली, यंत्रानं ती फिरवली, आणि बाहेर ढकलली. दुसरा नंबर दिला. परत बाहेर. दुसरी कोरी टेप घेतली. तीही बाहेर.

“बारसं केल्याबिगर घेत नाय वाटतं,” सरिता म्हणाली, आणि लगेच तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मी विचार केला नाही. कुठल्या आईनं केला असता? चौकटीत माझं नाव लिहिलं. हिमानी.

स्क्रीनवर उत्तर आलं: या नावाची टेप आधीपासून आहे.

मी परत लिहिलं. तेच उत्तर. मग यादीत शोधलं. होती. भरलेली, बंद केलेली. यंत्रात नाही, कपाटात नाही. मी या हॉस्पिटलात लागायच्या कितीतरी आधीची.

“मी नाय दिलं गं,” सरिता कुजबुजली. “बाबासाहेबांची शपथ.”

मला त्याचा विचार करायला वेळ नव्हता. फोनवर सावनीचा आवाज बारीक होत चालला होता. टेपचं शेवटचं टोक जवळ आलं होतं. मी सरिताकडं पाहिलं.

ती एक पाऊल मागं सरकली.

मी तिला कधी दोष दिला नाही. तिलाही घरी दोन पोरं होती.

नाव हवं होतं. कुणाचंही. लहान मुलाचं नको. माझ्या ओळखीतलं नको. जुनं, आता कुणी ठेवत नाही असं. ज्या बायकांचं असेल त्या आता नसतीलही, असं मला त्या क्षणी वाटलं. वाटलं नाही, मी वाटून घेतलं.

मी लिहिलं: द्वारका.

वाकले. यंत्राच्या तोंडाशी ओठ नेले. आतून गार वारा आला.

“कुर्रर्र,” मी म्हटलं. “द्वारका.”

हिरवा दिवा लागला.

हात सरकला. एक टेप इकडं, एक तिकडं. दोन्ही फिरायला लागल्या. सरितानं माझा दंड धरला होता, तिची बोटं रुतत होती. फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं. नावं नाहीत. श्वास नाही. सासूबाईही नाहीत.

मग रडणं.

साधं, भुकेल्या लेकराचं रडणं. आणि त्यात, चिरक्या आवाजात, “आई.”

“आई म्हणतीय गं!” सासूबाई ओरडत होत्या. “हिमानी, ऐकतीयस ना? तुलाच हाका मारतीय!”

मी तळघरातल्या गार फरशीवर बसले आणि किती वेळ बसले ते मला माहीत नाही.

सावनी आता शाळेत जाते. ‘र’ येतो, अवघड जोडाक्षरंसुद्धा येतात. दुपारी झोपतच नाही, कितीही निजवा. तिच्या नावाची ती मोकळी टेप मी हॉस्पिटलातून आणली, तिच्या बारशाच्या टोपड्यात गुंडाळली आणि कपाटात दागिन्यांच्या मागं ठेवली. केयूरला वाटतं ती जुनी कॅसेट आहे.

हे सगळं मी आजवर लिहिलं नाही. आता लिहितेय त्याला कारण आहे.

हॉस्पिटल नव्या इमारतीत गेलं. ते काळं कपाट मोडीत निघालं, आणि सगळ्या टेपा बाहेरच्या एका एजन्सीकडं गेल्या. शहर कुठल्या कुठं वाढलंय, त्यांचं गोदामही असंच कुठं तरी पार बाहेर, शेंद्र्याच्या पुढं. मी द्वारकेची टेप मागायला गेले. काउंटरवरचा माणूस नम्र होता. म्हणाला, “मॅडम, सगळ्या गिऱ्हाइकांच्या टेपा आम्ही एकाच पूलमध्ये घेतो. मुदत संपली की पाळीनं पुसून परत वापरतो. नावं आम्ही बघत नाही.”

“पाळी कधी येते?”

“आता या उन्हाळ्यात जुन्या निघतील सगळ्या.”

मी विकत मागितली. तो हसला. मी रडले, तेव्हा त्यानं पाणी आणून दिलं आणि शिपायाला खुणेनं बोलावलं.

तेव्हापासून मी टेप नाही, बाई शोधतेय. सरिताही माझ्याबरोबर येते. अजिंठ्याच्या द्वारकाबाईंनी आम्हाला चहा पाजला, सुना कशा वागतात ते तासभर सांगितलं. त्या ठणठणीत आहेत. कन्नडच्या एक द्वारकाबाई केव्हाच वारल्या होत्या. हर्सूलला एक होत्या, त्यांनी दारच उघडलं नाही. आणखी किती असतील मला माहीत नाही. त्यांच्यातल्या एकीला गेली काही वर्षं घरचे म्हणत असतील, वय झालं, भ्रम झालाय, कुठली कुठली नावं घेते. औषध चालू असेल. कोपऱ्यात खाट टाकली असेल. सगळे आपापल्या कामाला जात असतील.

म्हणून हे तुम्हाला. तुमच्या घरात, गल्लीत, गावी कुणी द्वारका असेल, मावशी, आजी, शेजारीण, कुणीही, तर जवळ जाऊन तिला नावानं हाक मारा. ती पुटपुटत असेल तर कान द्या. खाट, वॉर्ड, रक्तगट असं काही ऐकू आलं, तर तिला हलवू नका, उठवू नका. तिच्याजवळ बसा, तिचा हात हातात घ्या, आणि मला कळवा. ऊन वाढायला लागलंय. आज दुपारी एकदा बघून याल का?